निवडणुकीतली सभा: हक्क कोणाचा, परवानगी कशाची

आचारसंहिता लागली की पहिला वाद मैदानावरून होतो. एकाच तारखेला दोन पक्षांना एकच मैदान हवं असतं, एकाला मिळतं आणि दुसरा म्हणतो, "आमचा आवाज दाबला." कधी ते खरं असतं. बऱ्याचदा मात्र अर्ज दोन दिवस उशिरा गेलेला असतो किंवा मैदानाच्या मालकाचा ना हरकत दाखला जोडलेला नसतो. सभा घेण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि अमुक जागी, अमुक वेळी, अमुक इतके भोंगे लावण्याची परवानगी ही दुसरी. या दोन्ही एकच मानल्या की उमेदवारही फसतो आणि पोलीस ठाण्यातला अधिकारीही चुकतो.

आधी हक्काचं बघू. संविधानाच्या कलम १९(१)(ख) नुसार प्रत्येक नागरिकाला शांततेनं आणि शस्त्राविना एकत्र जमता येतं. बोलण्याचा हक्क त्याच कलमात (क) खाली आहे आणि प्रचारसभेत हे दोन्ही हक्क एकत्र येतात. जमण्यावर बंधन घालायला कलम १९(३) सरकारला दोनच कारणं देतं: भारताचं सार्वभौमत्व व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. तेही बंधन "वाजवी" असावं लागतं. गैरसोय, नावड, "वरून फोन आला" ही कारणं त्या यादीत नाहीत.

हा हक्क कितपत खणखणीत आहे हे १९७२ च्या एका निकालावरून कळतं. अहमदाबादेत विद्यार्थी संघटनेच्या कामासाठी रस्त्यावर सभा घ्यायची होती आणि पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या नावानं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. नाकारण्यासाठी वापरलेला नियम मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालचा होता. तोच कायदा आज महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून लागू आहे. सभेआधी परवानगी घ्या असं तो नियम सांगत होता, पण ती कोणत्या कारणानं नाकारता येईल याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. असा मोकाट अधिकार चालणार नाही म्हणून न्यायालयानं तो नियम रद्द केला. सरकार रस्त्यावरच्या सभांचं नियमन करू शकतं, त्या सरसकट बंद करू शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा.

पण नियमन करता येतं, हेही त्याच निकालात आहे. वाहतूक, शेजारच्यांची झोप, रुग्णवाहिकेची वाट यांचा विचार करून वेळ, जागा आणि पद्धत ठरवून देता येते. शिवाय १९६९ मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की सभेचा हक्क असला म्हणून दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत, मग ती सरकारी का असेना, मनाला येईल तशी सभा घेता येत नाही. म्हणून मैदान महापालिकेचं असो, शाळेचं असो की खासगी, मालकाची संमती लागतेच.

जमावबंदी असेल तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर त्या आदेशाच्या मजकुरात असतं. आदेश दोन प्रकारचे. पहिला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा. १ जुलै २०२४ पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा आणि लोक अजूनही "१४४ लागलं" असंच म्हणतात. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन महिने, राज्य सरकारनं वाढवली तर आणखी सहा महिन्यांपर्यंत. दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा. तो राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून जास्त चालत नाही, म्हणून एक संपला की नवा निघत राहतो.

अशा आदेशात बहुतेक वेळा "परवानगीशिवाय" हा शब्द असतो. म्हणजे पाच किंवा अधिक लोकांनी परवानगी न घेता जमू नये. परवानगी घेतलेली सभा त्यातून बाहेर. तेव्हा "जमावबंदी आहे, सभा होणार नाही" असं कोणी तोंडी सांगितलं तर आदेशाची प्रत मागा आणि त्यातली सूट वाचा. तो आदेश प्रसिद्ध करणं सरकारवर बंधनकारक आहे. काश्मीरमधल्या निर्बंधांविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट सांगितलं. रास्त मतप्रदर्शन दाबायला कलम १४४ वापरता येणार नाही आणि एकामागून एक तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, हेही त्याच निकालात आहे.

निवडणुकीच्या काळातलं ताजं उदाहरण २०२४ चं. लोकसभा निवडणूक संपेपर्यंत काही जिल्ह्यांमध्ये सरसकट १४४ चे आदेश निघाले होते. मतदार जागृतीसाठी यात्रा काढू पाहणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय आणि कार्यकर्ते निखिल डे यांनी त्यांना आव्हान दिलं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला: त्यांनी अर्ज केला तर सक्षम अधिकाऱ्यानं तीन दिवसांत निर्णय द्यावा. अर्ज नुसता पडू देणं हाही एक प्रकारचा नकारच असतो. प्रचाराला मोजून दोन आठवडे असताना तर तो पक्काच नकार.

अर्ज: कुठे, कधी, कशासह

लोकसभा आणि विधानसभेसाठी निवडणूक आयोगाचं सुविधा पोर्टल आहे. ऑनलाइन जमत नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात एक खिडकी कक्ष असतो. सभा, प्रचारफेरी, ध्वनिक्षेपक, वाहनं, तात्पुरतं प्रचार कार्यालय, हेलिपॅड या सगळ्यांचे अर्ज तिथेच. अर्ज कार्यक्रमाच्या किमान ४८ तास आधी द्यावा आणि "आधी येईल त्याला आधी" या क्रमानं निर्णय व्हावा, अशी पद्धत आहे. म्हणूनच पोच घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. दोघांचे अर्ज एकाच दिवशी आले तर अकरा वाजून दहा मिनिटं आणि साडेबारा यांतला फरक मैदान मिळवून देतो.

अर्जात सुरुवातीची आणि संपण्याची वेळ, जागेच्या सीमा, अपेक्षित गर्दी, मंचाची लांबी-रुंदी, भोंग्यांची संख्या, वाहनतळाची जागा, प्रमुख वक्ते आणि जबाबदार माणसाचा फोन क्रमांक हवा. सोबत जागामालकाचा ना हरकत दाखला आणि भाडं भरल्याची पावती. मंडप असेल तर अग्निशमन दलाचा दाखला आणि तात्पुरत्या वीजजोडणीचे कागद, रस्ता अडत असेल तर वाहतूक शाखेचं मत. शक्यतो दुसरी तारीख किंवा दुसरी जागाही त्याच अर्जात सुचवून ठेवा. नाकारणाऱ्याला "पर्याय दिला नव्हता" म्हणता येत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पहिल्या वीस दिवसांत सुविधा पोर्टलवर ७३,३७९ अर्ज आले. त्यांतले ४४,६०० हून जास्त मंजूर झाले, सुमारे ११,२०० फेटाळले गेले आणि १०,८१९ अवैध किंवा दुबार म्हणून रद्द झाले. हा शेवटचा आकडा डोळ्यात भरण्यासारखा आहे. जवळजवळ जितके अर्ज नाकारले गेले तितकेच अर्जदारांच्या हातून वाया गेले. एका सभेसाठी तालुकाध्यक्षही अर्ज करतो, उमेदवाराचा प्रतिनिधीही करतो आणि "होऊन जाऊ दे" म्हणून तिसराही कोणी करतो. अर्ज करणारा एकच माणूस ठरवा.

आदर्श आचारसंहितेचा या परवानगीशी संबंध काय? १९६० मध्ये केरळच्या विधानसभा निवडणुकीत तिचा उगम झाला. ती स्वतः कायदा नाही, पण आयोग तिच्या आधारे कारवाई करतो. सभेची जागा आणि वेळ पोलिसांना पुरेशी आधी कळवा, मनाई आदेश आहे का ते तपासा, भोंग्याची परवानगी घ्या, हे तिच्यात सांगितलं आहे. सत्ताधाऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाचं वाक्य आहे: मैदानं आणि हेलिपॅड यांवर सत्ताधारी पक्षानं मक्तेदारी ठेवायची नाही; ज्या अटींवर त्यांना मिळतात त्याच अटींवर इतरांनाही मिळाली पाहिजेत. "अमुक मंत्र्यांसाठी पंधरा दिवस मैदान राखीव" असं कानावर आलं तर तक्रारीत याच कलमाचा उल्लेख करा. सरकारी विश्रामगृहात प्रचारसभा नाही आणि मंत्र्याचा सरकारी दौरा प्रचाराला जोडता येत नाही. मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापर तर पूर्णच वर्ज्य.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांची आचारसंहिता, खर्चमर्यादा आणि प्रचार थांबण्याची वेळ वेगळी असते. विधानसभेचा अनुभव तिथे जसाच्या तसा लावू नका.

नकार आला तर

तोंडी नकाराला किंमत नाही. तो लेखी आणि कारणासह मागा. कारण "कायदा व सुव्यवस्था" एवढंच लिहिलेलं असेल तर नेमका कोणता धोका, तो कोणत्या माहितीवरून, आणि जागा किंवा वेळ बदलून तो टळणार नाही का, हे लगेच लेखी विचारा. विरोधी गट गोंधळ घालेल म्हणून सभाच नको, हे कारण तर फारच लंगडं. एका चित्रपटावरच्या एस. रंगराजन प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही आणि विरोधकांना आवरता येत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

पायऱ्या अशा: निवडणूक निर्णय अधिकारी, मग जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, आयोगानं नेमलेले निरीक्षक, मुख्य निवडणूक अधिकारी. निरीक्षकाला बहुतेक जण विसरतात. तो बाहेरच्या राज्यातून आलेला असतो आणि स्थानिक दबावापासून लांब असतो. शेवटी संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय. तिथे सभेच्या आदल्या संध्याकाळी पोचलात तर न्यायाधीशांच्या हातातही फारसं काही उरत नाही. अर्ज, पोच, लेखी नकार आणि पर्यायी तारीख ही चार पानं हाताशी असतील तर सुनावणी लवकर आटोपते.

सरसकट बंदीचं काय होतं याचं उदाहरण आंध्र प्रदेशात घडलं. २८ डिसेंबर २०२२ रोजी कंदुकूर इथे एका रोड शोमध्ये चेंगराचेंगरीत आठ जण दगावले. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं रस्त्यांवरच्या सभांवर कडक निर्बंध घालणारा शासन आदेश काढला. मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. दुर्घटना खरी होती, चिंताही खरी होती. उपाय मात्र मापापेक्षा मोठा निघाला. याउलट जानेवारी २०२२ मध्ये कोविडच्या लाटेत निवडणूक आयोगानं पाच राज्यांत सभांवर बंदी घातली, ती ठरावीक तारखेपर्यंत घातली, फेरविचार करत वाढवली आणि मग टप्प्याटप्प्यानं उठवली. वाजवी बंधनाला मुदत असते आणि कारणही असतं.

गर्दीचा हिशेब

अर्जात "अपेक्षित गर्दी ५०,०००" लिहिण्याचा मोह आवरा. बंदोबस्त त्या आकड्यावर ठरतो आणि मैदान त्याला पुरणारं नसेल तर नकाराचं कारण तुम्हीच लिहून दिलेलं असतं. साधा हिशेब असा. मैदान ६० मीटर गुणिले ५० मीटर, म्हणजे ३,००० चौरस मीटर. मंच, त्याच्यापुढची मोकळी जागा, वाटा आणि रुग्णवाहिकेचा रस्ता यांना एक तृतीयांश सोडा. उरले २,०००. खुर्च्या मांडल्या तर एका चौरस मीटरला दोन माणसं धरा: ४,०००. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरला चारच्या वर माणसं गेली की माणूस स्वतःच्या पायानं हलत नाही, लोंढा त्याला हलवतो. धोका तिथून सुरू होतो.

गर्दी बिघडण्याची कारणं तीच ती असतात: नेता चार-पाच तास उशिरा, पाणी नाही, बाहेर पडायला एकच फाटक, आणि गाडी आली की सगळे एकाच बाजूला धावतात. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतल्या करूर इथे राजकीय सभेत ४१ जणांचा जीव गेला. नेत्याची वाट पाहत लोक तासन्‌तास ताटकळले होते. म्हणून नेत्याच्या येण्याचा रस्ता प्रेक्षकांच्या रस्त्यापासून वेगळा ठेवा, बाहेर पडायची फाटकं किमान दोन विरुद्ध बाजूंना ठेवा आणि उशीर होणार असेल तर माईकवरून सांगत राहा. "साहेब पाचच मिनिटांत पोचतायत" ही दोन तास चाललेली घोषणा गर्दीला पुढे सरकवत राहते.

भोंगा, फेरी आणि गोंधळ घालणारे

ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, पण ती सूट सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी आहे. प्रचारसभा त्यात बसत नाही. दहाला पाच मिनिटं असताना मुख्य वक्ता उठला तर माईक दहाला बंद होणारच, हे सूत्रसंचालकानं आधीच ठरवून ठेवावं. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागी लावलेल्या भोंग्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याहून वर जाऊ नये. निवासी भागात म्हणजे ६५. एका मोठ्या भोंग्यापेक्षा मैदानभर विखुरलेले लहान सहा भोंगे लावले तर मागच्यालाही ऐकू येतं आणि हद्दीवरचा आकडाही आवाक्यात राहतो.

प्रचारफेरीचा मार्ग, सुरुवात, शेवट आणि वेळा आधी ठरवून कळवाव्या लागतात आणि ऐनवेळी मार्ग बदलायचा नसतो. लांब फेरीचे तुकडे पाडायचे म्हणजे चौकात वाहतूक सोडता येते. वाहनांच्या ताफ्यात सुरक्षेच्या गाड्या सोडून सलग दहांहून जास्त गाड्या नकोत. दुसऱ्या पक्षाची सभा चालू आहे तिथून फेरी नेऊ नका. कोणाच्या घरासमोर निदर्शनं नाहीत आणि पुतळे जाळणं नाही.

तुमच्या सभेत कोणी गोंधळ घातला तर? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १२७ नेमकं याचसाठी आहे आणि ते फार कमी कार्यकर्त्यांना माहीत असतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंत मतदारसंघातली राजकीय सभा उधळण्याच्या हेतूनं गोंधळ घालणं हा दखलपात्र गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सभेच्या अध्यक्षानं विनंती केली तर पोलीस त्या माणसाला नाव-पत्ता विचारू शकतात. त्यानं तो दिला नाही किंवा खोटा दिला असं वाटलं तर वॉरंटशिवाय अटक करू शकतात. म्हणजे सभेला अध्यक्ष असणं ही नुसती हारतुऱ्यांची सोय नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी गोंधळ घालणाऱ्याला धरून बाहेर काढू नये. आचारसंहिताही तेच सांगते. एक थप्पड पडली की तक्रारदार कोण आणि आरोपी कोण हे उलटतं.

घड्याळ आणि वही

मतदान संपण्याच्या वेळेपासून उलटे ४८ तास मोजा. त्या काळात मतदारसंघात सभा आणि फेरी बंद. हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम १२६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २० नोव्हेंबर २०२४ ला सायंकाळी ६ वाजता विधानसभेचं मतदान संपणार होतं, म्हणून १८ नोव्हेंबरच्या सायंकाळी ६ ला प्रचार थांबला. जिथे मतदान दुपारी ३ लाच संपतं तिथे प्रचारही ३ लाच थांबतो, हे दुर्गम भागातल्या उमेदवारानं लक्षात ठेवावं. गर्दी, मंच किंवा भोंगा नसलेला घरोघरचा प्रचार त्यानंतरही चालतो. बाहेरून आलेल्या नेत्या-कार्यकर्त्यांनी, जे त्या मतदारसंघाचे मतदार नाहीत, प्रचार थांबताच मतदारसंघ सोडायचा असतो.

सभेचा खर्च तुम्ही लिहिता, आणि तुमच्या नकळत दुसरं कोणीतरीही लिहीत असतं. व्हिडिओ सर्वेक्षण पथक खुर्च्या, मंडप, फलक, गाड्यांचे क्रमांक टिपतं, जिल्ह्याच्या दरसूचीनं त्याची किंमत काढली जाते आणि ती छाया निरीक्षण नोंदवहीत जाते. तुमची वही तिच्याशी जुळली नाही की नोटीस. महाराष्ट्रात मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये. स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही, पण यादी अधिसूचनेपासून सात दिवसांत गेली पाहिजे: मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं, नोंदणीकृत पण अमान्य पक्षाला २०. अपक्षाला ही सोयच नाही. आणि उमेदवार त्या मंचावर बसला, किंवा मागच्या फलकावर त्याचं छायाचित्र झळकलं, की मंडप-मंचाचा खर्च त्याच्या अंगावर. ९ लाखांची सभा, मंचावर तीन उमेदवार: प्रत्येकी ३ लाख. व्यासपीठावर जागा मिळवण्यासाठी धडपडणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा.

उमेदवाराच्या संमतीविना त्याच्यासाठी सभा भरवणाऱ्या हितचिंतकालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च दहा रुपयांच्या आत असेल तर दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी घेऊन सुटता येतं. होय, दहाच रुपये; नवी संहिता आली तरी तो आकडा बदलला नाही.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. त्यात न झालेल्या सभाही डोकं वर काढतात: परवानगी घेतलेली, मंडप घातलेली आणि नेत्याचं हेलिकॉप्टर न आल्यानं रद्द झालेली सभा. रद्द होताच निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस ठाणे या दोघांनाही लेखी कळवा आणि पोच ठेवा. नाहीतर रिकाम्या खुर्च्यांचं भाडं वहीत चढतं आणि ज्या दुसऱ्या पक्षाला ते मैदान त्या संध्याकाळी वापरता आलं असतं त्याचीही संधी जाते.